दस्ती पडली, माणूस यायचाय

गोरेगावच्या स्टँडावर हिंगोलीची जीप किती वाजता निघते, असं कुणा नवख्यानं विचारलं की अख्खा स्टँड त्याच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. "भरली की," एवढंच उत्तर मिळतं. कधी भरते? "माणसं आली की." आणि माणसं कधी येतात? आता बोला! ह्याच्यापुढं विचारणारा स्वतःच गप होतो आणि टपरीवर जाऊन चहा सांगतो.

करुणाला सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण ती इथलीच. पण एप्रिलातल्या एका सकाळी लॅपटॉपवरच्या एका फॉर्मनं तिला नेमका तोच विचारला. 'सुटण्याची वेळ' असा रकाना, आणि शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. करुणानं विचार करता करता वाटीभर फुटाणे संपवले आणि शेवटी लिहून टाकलं, 'भरली की'. फॉर्म लगेच लालेलाल झाला. इथं आकडाच लागतो, म्हणाला.

फॉर्म कशाचा ते सांगायला घरापासून सुरुवात करावी लागेल. ओढ्यापलीकडं, स्टँडापासून चांगलं किलोमीटरभर लांब करुणाचं घर. घरात तिघंच. करुणा पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरून करते. तिचे वडील सोनाजी गेली बावीस वर्षं स्टँडावर जीपगाड्यांचे नंबर लावतात. कोणती गाडी आधी, कोणती मागून, कोण कुठं बसणार, सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. आणि तिसरी जनकाबाई, सोनाजींची थोरली बहीण, करुणाची आत्या. आत्याच्या किडन्यांनी दीड वर्षापूर्वी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा हिंगोलीला डायलिसिस, बराबर अकरा वाजता मशीनवर.

मशीनची आत्याला सवय झाली होती. झाली नव्हती ती पाण्याची. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर ठरवून दिलं होतं, आणि चहा, वरणाचं पाणी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. सकाळी उठली की ती अर्ध्या लिटरची एक बाटली भरायची, तीच दिवसभराची. डायलिसिसच्या दिवशी ती बाटली घेऊन सातलाच घरातून निघायची, कारण जीप कधी साडेसातला भरायची, कधी साडेनऊला. एसटी होती, पण तिची वेळ अकराच्या हिशेबात बसत नव्हती. आधी जाऊन सीट धरून घरी परत यावं म्हटलं, तर सुजलेल्या पायांनी किलोमीटरभर दोनदा कोण चालणार? म्हणून आत्या स्टँडावरच बसून राहायची. एप्रिलचं ऊन, वर तापलेला पत्रा, आणि हातात मोजून दिलेलं पाणी. जीप हलेपर्यंत बाटली निम्म्यावर आलेली असायची.

त्यात तिनं सगळ्यात आधी सोडला तो संध्याकाळचा चहा. पाणीच उरायचं नाही तर चहा कशाचा करणार? चहाची एवढी वेडी बाई, पण दीड वर्षापूर्वी तिनं आपला कप धुऊन फळीवर पालथा घातला, तो घातलाच. करुणा चहा घ्यायला बसली की ती उठून अंगणात जायची आणि नसलेलं काम काढायची.

आता कुणी म्हणेल, भाऊ स्टँडावर बसलाय, तर एक फोन करायला काय झालं? 'अक्का, गाडी भरत आली, ये' म्हणायचं! करुणानंही हेच म्हटलं होतं. सोनाजींनी सरळ नकार दिला.

"फोनवर सीट न्हाई," ते म्हणाले. "अन् फोनवर खबरबी न्हाई. एकाला दिली की दुसऱ्याची तक्रार. माझा बाप जीपच्या मागच्या पायरीवर लटकून हिंगोलीला जायचा, ठाऊक हाय का तुला? आत जागा असायची तरी. काहून? मोठ्या घरचा निरोप आलेला असायचा, सीट ठेवा म्हणून. मी नंबर लावाया बसलो त्या दिवशी ते बंद केलं. खबर द्यायची तं सगळ्यायला, एकाच टायमाला."

सगळ्यांना, एकाच वेळी. करुणानं ते शब्द मनात धरून ठेवले.

त्याच महिन्यात आत्याला सोडायला ती एकदा हिंगोलीला गेली, तेव्हा डायलिसिस केंद्रातल्या दीक्षा नावाच्या नर्सनं तिला आपला मोबाईल दाखवला. दीक्षाला कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आता असे प्लॅटफॉर्म निघालेत की पडद्यावर चौकोन ओढायचे, एकमेकांना रेघेनं जोडायचे, झालं ॲप. दीक्षानं पेशंटांची वेळ, मशीनचा नंबर, मेसेज पाठवणं, सगळं जोडलं होतं. गोरेगाव आणि आसपासच्या गावांतून सात पेशंट यायचे, सातही जण तासन्‌तास उन्हात बसून.

"जीप कधी निघणार एवढं मला कुठून तरी कळलं ना, ताई," दीक्षा म्हणाली, "तर मी सातही जणांना मेसेज टाकीन, आता घरून निघा म्हणून. पण असा चौकोनच न्हाई ह्याच्यात."

करुणाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौकोन नाही ना? मग करू!

असा चौकोन म्हणजे कनेक्टर. घरी आल्यावर तिनं आत्याला समजावून सांगितलं, "बघ आत्या, बाबांची माहिती ठेवायला मी एक खिडकी करणार. तिच्यावर कुणीही यावं, विचारावं, किती बसले? खिडकी उत्तर देणार. तिला म्हणतात एपीआय. पण खिडकीवर काय विचारायचं, कसं विचारायचं, हे दीक्षासारखीला कसं कळणार? म्हणून त्या खिडकीचा एक तयार चौकोन करायचा. त्याला नाव, चित्र, वर्णन द्यायचं. प्लॅटफॉर्मवाले तपासतात, पास करतात, आणि मग तो सगळ्यांच्या यादीत लागतो. तोपर्यंत तो एकट्या माझ्याच खात्यात दिसतो."

"पास न्हाई केला तं?"

"करतील गं."

आत्यानं बाटलीचं झाकण घट्ट केलं.

करुणानं जुना मोबाईल काढला, त्यावर दोनच मोठी बटणं ठेवली, 'बसला' आणि 'निघाली', आणि सोनाजींच्या हातात दिला. एक माणूस बसला की एकदा दाबायचं, दहा झाले की गाडी निघते. 'सुटण्याची वेळ' ह्या रकान्याचंही तिनं असंच निभावलं: दहा भरले की वेळ 'आत्ता'. सोनाजींनी मोबाईल उलटासुलटा बघितला. "चालन," म्हणाले, "पण एक बोल. सगळ्यायला दिसत न्हाई तोवर कोणालाच दिसणार न्हाई. अक्कालाबी न्हाई." करुणानं कबूल केलं. तेव्हा तिला वाटलं होतं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

आठव्या दिवशी कनेक्टर परत आला. तपासणारीचं नाव नीलांबरी, बसायची पुण्यात. तिनं लिहिलं होतं, 'आठ वाजून पाच मिनिटांनी गाडी पूर्ण भरलेली, दहापैकी दहा. आठ बेचाळीसपर्यंत ती निघालेलीच नाही. माहिती शिळी आहे. दुरुस्त करून पाठवा.' खाली नियमही होता. दोनदा परत येणं चालतं. तिसऱ्यांदा परत आला की रांगेत शेवटी, म्हणजे किमान तीन महिने. म्हणजे आत्याचा सगळा उन्हाळा पत्र्याखालीच जाणार.

भरलेली गाडी सदतीस मिनिटं उभी? करुणाला खरंच काही कळेना. दुसऱ्या दिवशी ती साडेसातलाच स्टँडावर जाऊन बसली. आठ वाजता मोबाईलवर दहा आकडा लागला. करुणा उठून जीपपाशी गेली आणि आत डोकावली.

आत चार माणसं होती. बाकीच्या सहा सीटांवर होती एक हिरव्या चौकड्याची दस्ती, एक पांढरी, मग वायरची पिशवी, गुलाबी ओढणी, परत एक दस्ती, आणि शेवटच्या सीटवर चक्क एक टोपी.

"बाबा! तुम्ही दस्तीलाबी 'बसला' दाबता?"

"मंग?" सोनाजींना प्रश्नच कळला नाही. "दस्ती पडली म्हंजे माणूस बसलाच की. खाली काय कोन्ही बसू देतो काय मी?"

करुणानं कपाळाला हात लावला. चूक त्यांची तरी कशी म्हणायची? जन्मभर तीही असाच हातरुमाल खिडकीतून आत फेकून जागा धरत आली होती. दस्ती टाकली की सीट आपलं, मग जा खुशाल गिरणीत, दवाखान्यात, बँकेत. ती उचलून फेकायची कुणाची हिंमत नाही. घरच्या लोकांना ह्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही, आणि म्हणूनच ते पुण्याला कळलं नव्हतं.

पण त्या सकाळी तिला खरं नवल वाटलं ते पुढंच. तिनं सहज विचारलं, "मग बाबा, ही गाडी निघणार कधी?"

सोनाजींनी जीपकडे नजरही टाकली नाही. "हिरवी दस्ती दगडोबाची. तो न्हाव्याकडं गेलाय, अन् म्होरं दोघं बसलेत, पंचवीस मिनिटं. पिशवीवाली गिरणीवर गेली, तिचं दळण ज्वारीचं, लवकर होतंय. ओढणीवाली झेरॉक्सवर, तिथं लाईट न्हाई, ती आत्ता रिकामीच यीन. टोपीवाल्याला तं मी ओळखतो, तो चहा पिऊन राहिला. आठ बत्तीस."

जीप आठ पस्तीसला हलली. करुणा तोंडात बोट घालून बघत राहिली. तीन मिनिटांची चूक!

मग तिला ते व्यसनच लागलं. पुढचे सहा दिवस ती रोज सकाळी वही घेऊन स्टँडावर. दस्ती कधी पडली, माणूस कधी आला. साधी दस्ती वीस-बावीस मिनिटांत माणूस होते. पिशवीला वेळ लागतो, कारण पिशवी टाकणारा खात्रीनं लांब गेलेला असतो. टोपीवाले दहा मिनिटांत हजर, डोक्याला ऊन लागतं म्हणून. बाजाराच्या दिवशी सगळ्यांनाच दुप्पट. हे सगळं बाबांच्या डोक्यात बावीस वर्षं पडून होतं आणि कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनंही नाही, ह्याची तिला थोडी लाजच वाटली.

तिनं मोबाईलवर 'दस्ती' असं तिसरं बटण दिलं, वेळेचा अंदाज काढायचं गणित जोडलं, आणि फॉर्ममध्ये ह्या नव्या रकान्याला नाव दिलं 'आरक्षित'. म्हटलं, पुण्याला कळेल असा शब्द असावा. पाठवलं.

पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डायलिसिसची पाळी होती. सात वाजता आत्या पिशवी, बाटली घेऊन निघाली. करुणाच्या पडद्यावर आकडे दिसत होते: बसले शून्य, दस्त्या दोन. बाहेर सकाळीच झळा लागत होत्या. करुणाला राहवेना.

"आत्या, थांब ना जरा. अजून दीड तास तरी—"

आत्या उंबऱ्यात थांबली. "हे सोन्यानं सांगितलं का तुला सांगाया?"

"नाही, पण मला दिसतंय ना."

"मला न्हाई दिसत. त्या मशीनवाल्या रेशमाबाईला न्हाई दिसत, तिकडच्या तांड्यावरच्या शंकरसिंगला न्हाई दिसत. ते उन्हात बसून राहतीन अन् मी घरात बसू व्हय?" आणि गेली. करुणा दारात उभी राहून तिच्याकडं बघत राहिली. ओढ्यापर्यंत आत्या दोनदा थांबली. करुणाला रडू आलं, आणि रागही आला, बापाचा, आत्याचा आणि स्वतःच्या त्या कबुलीचा.

कनेक्टर दुसऱ्यांदा परत आला. नीलांबरीचं म्हणणं असं, 'आरक्षित सीट दाखवता, मग आरक्षण करण्याची सोय कुठं आहे? ॲपमधून सीट आरक्षित करता आली पाहिजे. ते बटण जोडा, लगेच पास करते.'

लगेच पास! करुणाचे हात कीबोर्डवर गेलेसुद्धा. दोन तासांचं काम होतं. दीक्षानं हिंगोलीत बसून बटण दाबावं, आत्याचं सीट पक्कं. जेवताना तिनं बाबांना सांगितलं, हळूच, दुसरंच काही सांगत असल्यासारखं.

सोनाजींचा घास हातातच राहिला. "म्हंजे घरी बसून सीट धरायचं?"

"पेशंटांसाठीच हो."

"बटणाला काय ठाऊक पेशंट कोण हाय? आज पेशंट दाबन, उद्या ज्याच्याकडं भारी मोबाईल हाय तो दाबन. म्होरलं सीट परत मोठ्या घरी जाईन. अन् ज्याच्याकडं मोबाईल न्हाई तो?" त्यांनी घास ताटात ठेवला. "पायरीवर?"

 मग आत्याच म्हणाली, "त्या पोरीला दस्ती काय असती ते सांग ना सरळ. तू तं तिला दुसरंच काहीतरी सांगून राहिली."

आता हे जनकाबाईचं शहाणपण करुणाला आधी सुचायला नको होतं का? पण शिकलेल्या माणसाचं असंच असतं, पुण्याला कळावं म्हणून तो आपल्या घरातला धडधाकट शब्द पुसून टाकतो आणि मग पुण्याला काहीच कळत नाही. करुणानं 'आरक्षित' काढलं. रकान्याचं नाव ठेवलं 'दस्ती', आणि वर्णनाच्या जागी लिहिलं:

'प्रवाशानं स्वतः स्टँडावर येऊन, स्वतःच्या हातानं आपलं फडकं सीटवर टाकलं आहे आणि तो गावात कामाला गेला आहे. तो येणार आहे. दस्ती फोनवरून, ॲपवरून किंवा दुसऱ्याकरवी टाकता येत नाही. म्हणून आरक्षणाचं बटण नाही आणि नसेल. एका माणसाची एकच दस्ती. बाकीचे सगळे येऊन बसल्यावर पाच मिनिटांत माणूस आला नाही तर त्याची दस्ती पुढच्या गाडीत जाते, टाकून दिली जात नाही.'

चित्रातली जीप काढून टाकून तिनं हिरव्या चौकड्याचा घडी घातलेला रुमाल लावला. तिसऱ्यांदा पाठवताना तिनं डोळे मिटून बटण दाबलं.

परत काही आलं नाही. फोन आला.

"मी नीलांबरी. तुमचं वर्णन मी चार वेळा वाचलं," पलीकडून आवाज आला, आणि तो चक्क हसत होता. "लहानपणी मामाच्या गावी मीही खिडकीतून रुमाल टाकलेत हो! पण मला पास करायचं तर आकडा खरा आहे हे बघावं लागतं. उद्या सकाळी व्हिडिओवर स्टँड दाखवाल? मी सीट मोजीन आणि तुमच्या एपीआयला विचारीन. जुळलं तर पास. नाही जुळलं तर माझा नाइलाज आहे."

दुसऱ्या दिवशी नऊला करुणा मोबाईल धरून जीपपाशी उभी. आत्याही आली होती, तिचा डायलिसिसचा दिवस नसताना, पत्र्याखाली बाटली मांडीवर घेऊन. नंबर होता बाबूसिंगच्या गाडीचा. बाबूसिंग म्हणजे स्टँडावरचा सगळ्यात हसरा आणि सगळ्यात चालू ड्रायव्हर. पुण्याहून गाडी बघणार आहेत हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं गाडी धुतली होती, आरशाला झेंडूची माळ घातली होती.

"दाखवा आत," नीलांबरी म्हणाली. करुणानं मोबाईल खिडकीतून आत फिरवला. "एक, दोन, तीन माणसं. दस्त्या... एक, दोन, तीन, चार, पाच. आता एपीआयला विचारते हं."  मग तिचा आवाज उतरला. "करुणा, इथं तर येतंय बसले तीन, दस्त्या दोन. मला पाच दिसतायत. तीन कमी आहेत."

 करुणानं मागं वळून आत्याकडं बघितलं. आत्यानं बाटली घट्ट धरली होती.

"बाबा!" करुणा ओरडली. "तीन दाबायच्या राहिल्या!"

"न्हाई राहिल्या," सोनाजी लिंबाखालून शांतपणे म्हणाले. ते उठले, जीपपाशी आले, आत हात घालून त्यांनी मागच्या सीटांवरच्या तीन दस्त्या उचलल्या आणि मोबाईलसमोर धरल्या. तिन्ही निळ्या, तिन्ही कोऱ्या, घड्या अजून मोडलेल्या नाहीत. "म्याडम, बघा. ह्याला घामाचा डाग हाय का? बिडीचा वास हाय का? ह्या माणसाच्या न्हाईत. ह्या बाबूसिंगच्या हायत. गाडी भरल्यावानी दिसली की माणसं पळत येतीन म्हणून टाकल्या त्यानं."

सगळा स्टँड हसायला लागला. बाबूसिंगनं आधी कानांवर हात ठेवले, मग जीभ चावली. "अहो, पुण्याच्या म्याडम बघणार म्हणल्यावर गाडी रिकामी कशी दाखवायची?" तो म्हणाला. "इज्जतीचा सवाल हाय ना!"

मोबाईलमध्ये नीलांबरी एवढी हसत होती की तिला बोलता येईना. डोळे पुसून तिनं विचारलं, "काका, खरी दस्ती आणि खोटी दस्ती तुम्हाला रोज अशी ओळखता येते?"

"बावीस वर्सं झाली, म्याडम."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

 हा प्रश्न सोनाजींना आजवर कुणी विचारला नव्हता. "तं मंग त्या दिवशी ह्याच्यावर लिहा," ते म्हणाले, "की आज सोनाजी न्हाई, आकड्यावर भरवसा ठेवू नका. लोकायला खरं कळलं पायजे."

"तेवढं एक जोडा, करुणा," नीलांबरी म्हणाली. "'आज माहिती नाही' असं उत्तर. मशीनला मोजता आलं नसतं ते हे काका मोजतायत, हे मला कळलं. मी पास करते."

गुरुवारी दुपारी कनेक्टर यादीत लागला. हजार चौकोनांच्या गर्दीत एक हिरव्या चौकड्याचा रुमाल. दीक्षानं तो ओढला, आपल्या मेसेजच्या चौकोनाला जोडला, आणि फोनवर ओरडली, "ताई, बोलतंय हे!"

शुक्रवारी सात वाजता आत्या नेहमीसारखी पिशवी घेऊन उंबऱ्यात. करुणानं तिचा हात धरून तिला पंख्याखाली बसवलं. साडेसात झाले. आत्याची चुळबुळ सुरू. पावणेआठ. "गेली असन गं गाडी," ती म्हणाली. "न्हाई जमायचं हे मला, जाऊ दे मला." करुणानं तिच्या हातातली पिशवी काढून बाजूला ठेवली. आठला दहा कमी असताना आत्याच्या साध्या मोबाईलनं टुणकन आवाज दिला. करुणानं मोठ्यानं वाचलं, "गोरेगाव ते हिंगोली. बसले तीन, दस्त्या तीन, रिकामी चार. गाडी अंदाजे पस्तीस मिनिटांत. आता घरून निघा."

आत्या उठली नाही. "हे सगळ्यायला गेलं का?"

"सातही जणांना. आणि आता ज्याला बघायचंय त्याला दिसतंय, आत्या. एकाच वेळी."

मग आत्या उठली.

करुणा तिच्याबरोबर स्टँडापर्यंत चालत गेली. सोनाजी मोबाईल हातात धरून लिंबाखाली बसले होते. बहिणीकडं त्यांनी फक्त एकदा बघितलं, बाकीच्यांकडं बघतात तसंच. आत्यानं कमरेची दस्ती काढली, खिडकीजवळच्या रिकाम्या सीटवर टाकली आणि लगेच तिच्यावर जाऊन बसली. सोनाजींनी बटण दाबलं. दहा मिनिटांत जीप निघाली.

संध्याकाळी पाचला आत्या परत आली. सोनाजी अंगणात पाय धूत होते, करुणा लॅपटॉप मिटून चुलीपाशी जायला उठत होती. आत्यानं पिशवीतून बाटली काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मग ती फळीवर ठेवली, करुणाला दिसेल अशी.

"पाणी उरलं गं आज," ती म्हणाली.

करुणा बाटलीकडं बघत राहिली. चार बोटं तरी पाणी होतं.

"बघत काय राहिलीस? चहा टाक. घोटभरच टाक, पण साखर नीट घाल."

दारात सोनाजी ओल्या पायांनी तसेच उभे होते. ते आत आले, फळीवरचा पालथा कप उचलला, दीड वर्षाची धूळ खांद्यावरच्या दस्तीनं पुसली आणि आपल्या बहिणीपुढं ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सोन्या, घामाची दस्ती हाय ती!" आत्या खेकसली. "धुऊन आण आधी!"

सोनाजी मुकाट्यानं कप धुवायला गेले. आत्यानं तो घोटभर चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत मारत पाच मिनिटं पुरवला.